पणती, कमळ आणि आमचा गट

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या वाटेला लागलं की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं लिंबागणेश येतं. बाहेरच्यांना ते भालचंद्र गणपतीमुळे ठाऊक. मी इथून जिल्ह्याच्या दैनिकांना बातम्या पाठवत आलो. आधी पाकीट बीडकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो, मग फॅक्स आला, आता सगळं मोबाइलवर. या कामात पुढारी जवळून दिसतात. व्यासपीठाच्या कडेला वही घेऊन उभं राहिलं की भाषणाआधी माणूस कसा बसतो, कोणाच्या कानाशी लागतो, पाणी कोणाच्या हातून घेतो, हेही कळतं. सगळ्यात जास्त दिसले ते जनसंघाच्या मुळातून वाढलेल्या भारतीय जनता पक्षाचे नेते. धर्म, परंपरा, राष्ट्र ही भाषा बोलणारा हा जुना पक्ष आमच्या कोरडवाहू, ऊसतोडीच्या मुलखात कसा रुजला आणि त्याने आमचं काय केलं, हे मनात बरीच वर्षं घोळतंय. मी कुठल्याच पक्षाचा सभासद नाही, पण या माणसांत जीव गुंतलेला आहे, तो लपवत नाही.

१. बीड मुळात या पक्षाचा जिल्हा नव्हताच. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. १९६७ साली इथून लोकसभेवर गेले ते क्रांतिसिंह नाना पाटील, कम्युनिस्ट पक्षाकडून. १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले, ते मार्क्सवादी. त्यानंतर केशरकाकू क्षीरसागरांची काँग्रेस. १९५१ मध्ये स्थापन झालेला जनसंघ होता, पण तो बीड-अंबाजोगाईच्या पेठेत, चार वाड्यांत, सकाळच्या शाखेवर. खेड्यात त्याला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत. त्याला वाडी-वस्तीवर आणि तांड्यावर नेलं ते परळी तालुक्यातल्या नाथ्र्याच्या गोपीनाथ मुंडे यांनी. ६ एप्रिल १९८० ला भाजपची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ते रेणापुरातून आमदार झाले. वय तिशीचं. तरी बीडची लोकसभेची जागा पक्षाला पहिल्यांदा मिळायला १९९६ उजाडावं लागलं. आमच्याकडे विचार मागून आला, माणूस आधी आला. जाहीरनामा कोणी वाचला नव्हता. आपल्यासारखा बोलणारा, वारकरी घरातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा मुंबईत उभा राहून सरकारला जाब विचारतो, एवढं लोकांनी पाहिलं आणि पक्षाला घरात घेतलं. मला याचं कौतुक वाटतं. धास्तीही वाटते, कारण माणसाच्या नावाने आलेला पक्ष माणूस गेल्यावर कशाच्या आधाराने उभा राहायचा?

२. पुढारी आपोआप उगवत नाहीत, कोणीतरी ते पेरतं. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. मुंडे आणि प्रमोद महाजन ही दोन नावं आमच्या जिल्ह्यात जोडीनेच घेतात. दोघं अंबाजोगाईच्या कॉलेजातले मित्र, पुढे मेहुणे. महाजन खोलेश्वर विद्यालयात शिक्षक होते. पण या दोन पोरांना हेरून घडवणारे वसंतराव भागवत मात्र आमच्या गावात कोणाला आठवत नाहीत. माळी, धनगर, वंजारी हे समाज पक्षाशी जोडले पाहिजेत, हा 'माधव'चा हिशेब त्यांचा. पेठेतल्या पक्षाला शिवाराचा रस्ता दाखवणारा हा माणूस स्वतः कधी व्यासपीठाच्या पुढच्या रांगेत आला नाही. तयार झालेले दोघंही किती वेगळे! महाजनांचं वक्तृत्व असं की ऐकणाऱ्याने पेन खाली ठेवावं. पण ते लोकसभेवर थेट निवडून गेले एकदाच, १९९६ मध्ये, तेही ईशान्य मुंबईतून. मुंडे सभेत घाव घातल्यासारखं, तुटक बोलत. पण उतरल्यावर गर्दीतल्या माणसाला बापाच्या नावाने हाक मारत. एकाने पक्षाला दिल्लीत वजन मिळवून दिलं, दुसऱ्याने शिवारात. दोघांपैकी एकच असता तर आमच्याकडे कमळ फुललं असतं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

३. पक्ष टिकवतात ती माणसं कधी फोटोत नसतात. आमच्या भागात एक जुने जनसंघी होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. धोतर, काळी टोपी, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी. पिशवीत पावतीपुस्तक, एक जुनं पंचांग आणि पणतीचा लाकडी ठसा. पणती हे जनसंघाचं चिन्ह. निवडणूक आली की गेरूत ठसा बुडवून भिंतीवर मारायचे. घरमालकाला आधी विचारायचे, नाही म्हटलं तर हात जोडून पुढे जायचे. १९७७ ला जनसंघ जनता पक्षात विलीन झाला तेव्हा त्यांनी ठसा धुऊन, कपड्यात गुंडाळून ठेवला. १९८४ ला देशभरातून भाजपचे दोनच खासदार निवडून आले. पुढच्या वर्षी खुद्द मुंडेही रेणापुरात पडले. त्या पडझडीत मी या जुन्या जनसंघींना विचारलं, "बापू, आता काय?" ते म्हणाले, "आता काय म्हंजे? सोमवारी बैठक हाय." अन् बैठक झाली. सतरंजीवर पाच-सहा जण. चहा त्यांच्याच घरचा.

त्यांना पद मिळालं नाही, गुत्तं मिळालं नाही, पोराला नोकरीही लागली नाही. १९९५ ला युतीचं सरकार आलं, शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. सगळा गाव गाड्या करून मुंबईला निघाला. बापू गेले नाहीत. ज्वारीची काढणी होती. मी कितीदा मनात म्हटलं, हा माणूस कशासाठी झिजला? त्यांच्या सगळ्या मतांशी माझं जमत नव्हतं. काही बाबतीत ते फार कडक होते, आणि त्यावर आमचे वाद उन्हं कलेपर्यंत चालत. पण ज्याच्याशी वाद घालावा आणि नंतर त्याच्याच घरी जेवावं, असा विरोधक आता मिळत नाही. आज पक्षाकडे गाड्या आहेत, मतदारयादीच्या पानागणिक पन्नाप्रमुख आहेत, प्रत्येकाच्या मोबाइलवर रोजचा मजकूर येतो. भिंत रंगवण्याआधी घरमालकाला विचारणारं कोणी उरलेलं नाही.

४. नेत्याला त्याच्या पक्षावरून ओळखू नये, तो कोणासाठी भांडतो ते पाहावं. हे मला ऊसतोडीने शिकवलं. दसरा झाला की आमच्या पट्ट्यातून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, चुलीच्या विटा, ताडपत्री, दोन कोंबड्या, शेळी, वर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. आजारी पडून घरी बसलं तर खाडा. पहाटे बाई कोपीत भाकरी थापते, मग नवऱ्याच्या बरोबरीने ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि संध्याकाळी वाढं विकून मीठ-मिरची आणते. या माणसांची बाजू लाल झेंड्यानं घ्यावी, असंच कोणी म्हणेल. घेतलीही. पण त्यांच्या मजुरीसाठी संप पुकारणारा, लवादात कारखानदारांसमोर बसणारा सगळ्यात मोठा आवाज व्यापाऱ्यांचा म्हणवल्या गेलेल्या पक्षातून आला. मुंडे त्यांचे साहेब झाले ते इथे.

आणि तेच मुंडे पुढे वैद्यनाथ साखर कारखान्याचे कर्तेधर्तेही झाले. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस. याला काही जण ढोंग म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. कारखाना काढल्याशिवाय या राज्यात पुढाऱ्याला बळ येत नाही आणि बळाशिवाय मजुरासाठी काही करता येत नाही, अशी ती कोंडी होती. पण कोंडी होती हे मान्य केल्यावर तिची किंमत कोणी मोजली तेही पाहायला हवं. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली, आणि तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. तिशीतल्या, पस्तिशीतल्या बायका. त्या वेळी राज्यात सरकार याच पक्षाचं होतं आणि ग्रामविकास, महिला व बालकल्याण ही खाती आमच्याच जिल्ह्याच्या, गोपीनाथ मुंडे यांच्या कन्या पंकजा मुंडे यांच्याकडे होती. हे एका मंत्र्याचं पाप नाही, चाळीस वर्षांचं साचलेलं आहे. पण आपल्या माणसाच्या हाती सत्ता आली म्हणजे आपलं दुखणं आपोआप त्याला दिसेल, हा भरवसा त्या वर्षी माझ्या मनातून गेला. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजाताई एकाच बैठकीला बसले आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा बरं वाटलं. फडातल्या बाईला पक्ष नसतो. तिच्यासाठी दोन पक्ष एकत्र बसू शकतात, हे तरी दिसलं.

५. नेता आपला झाला की आपण त्याला हिशेब विचारायचं सोडतो. माझ्या सगळ्या वर्षांतून मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी ही सांगेन. याच पक्षाच्या घराण्यात रामभाऊ म्हाळगी होऊन गेले. १९५७ ला मावळातून आमदार, पुढे पुण्यातून, मग ठाण्याचे खासदार. १९८२ ला वारले. आता भाईंदरजवळ त्यांच्या नावाची प्रबोधिनी आहे, तिथे पुढाऱ्यांना शिकवतात. हे म्हाळगी दरवर्षी मतदारांना आपल्या कामाचा छापील अहवाल द्यायचे. सभागृहात काय विचारलं, काय काम झालं, काय राहिलं. कोणी मागितला नव्हता, तरी द्यायचे. परंपरा जपणारा पक्ष म्हणवतो, तर ही परंपरा सगळ्यात आधी जपायला हवी होती.

आमच्याकडे याच्या उलट झालं, आणि त्यात चूक नेत्यांपेक्षा आमच्या प्रेमाची आहे. साहेबांना कोण विचारणार? साहेब आले हेच मोठं. त्यांच्या गाडीच्या काचेला हात लागला तरी माणूस आठ दिवस सांगत फिरायचा. रेल्वेचंच घ्या. अहमदनगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर. १९९५ ला मंजुरी. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत ही गाडी भाषणात धावली. केशरकाकूंनी मागितली, मुंड्यांनी मागितली, सगळ्या पक्षांच्या खासदारांनी मागितली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पोचली. तीस वर्षं. त्या दिवशी बीड स्थानकावर म्हातारी माणसं डब्याला हात लावून पाहत होती. मीही लावला. डोळे भरून आले हे खरं आहे. पण तीस वर्षांत एकदा तरी एखाद्या सभेत उठून कोणी विचारलं होतं का, की गेल्या वर्षी किती किलोमीटर रूळ पडले, पैसे किती आले, कुठे अडले? माझ्या वह्या मी चाळल्या. मागण्या आहेत, निवेदनं आहेत, उपोषणं आहेत, सत्कार तर ढिगाने आहेत. असा प्रश्न मात्र क्वचितच.

६. दुःखालाही मत असतं. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत अपघातात मुंडे गेले. केंद्रात ग्रामविकासमंत्री होऊन पुरते नऊ दिवसही झाले नव्हते. इकडे जिल्ह्यात विजयाच्या स्वागताची तयारी चाललेली, कमानी उभ्या राहत होत्या, फटाके आणून ठेवलेले. आमच्या चौकातल्या हॉटेलात टीव्हीवर बातमी आली तेव्हा मालकाने स्टोव्ह बंद केला आणि आलेल्या गिऱ्हाइकांना हात जोडले. त्या दिवशी गावात काँग्रेसवाले, राष्ट्रवादीवाले, शेकापचे जुने म्हातारे, सगळे एका पारावर बसले होते. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. देशात तोवर इतक्या मताधिक्याने कोणी निवडून आलं नव्हतं. मी ते आकडे बातमीत लिहिले तेव्हा त्यांना श्रद्धांजली म्हणावं की जनादेश, हेच कळेना.

पुढे २०१९ ला परळीत पंकजाताई हरल्या, त्याही चुलतभाऊ धनंजय मुंडे यांच्याकडून. २०२४ ला त्या लोकसभेला उभ्या राहिल्या आणि बजरंग सोनवणे यांच्याकडून ६,५५३ मतांनी पडल्या. दहा वर्षांत जवळपास सात लाखांवरून हे. लोक कृतघ्न झाले, असं मी पुष्कळांकडून ऐकलं. मला तसं वाटत नाही. दहा वर्षं दुखवटा पाळणारा जिल्हा कृतघ्न कसा म्हणायचा?

७. पक्षांतर नेत्याला सोपं जातं, कार्यकर्त्याला नाही. रजनीताई पाटील भाजपच्या खासदार होत्या, पुढे काँग्रेसमध्ये गेल्या. जयसिंगराव गायकवाड भाजपकडून दोनदा आणि मग राष्ट्रवादीकडून निवडून आले. सुरेश धस भाजपमधून राष्ट्रवादीत गेले, २०१४ ला मुंड्यांविरुद्ध लढले, आता भाजपचे आमदार आहेत. धनंजय मुंडे काकांचा पक्ष सोडून गेले आणि २०२३ नंतर बहीण-भाऊ एकाच सत्तेत आले. वर सगळं जुळतं. खाली दोन गटांच्या पोरांनी एकमेकांवर दाखल केलेल्या केसेस तशाच चालू राहतात. तारखेला बीडच्या कोर्टात तीच पोरं पदरच्या पैशाने, एकाच एसटीने जातात.

८. आडनाव विचारून रामराम घालायचे दिवस आमच्याकडे येतील, असं वाटलं नव्हतं. २०२३ ला अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, ऑक्टोबरअखेर बीड आणि माजलगावात पुढाऱ्यांची घरं जळाली, मग लोकसभा आली आणि मराठा-ओबीसी अशी सरळ उभी फाळणी झाली. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर ती आणखी रुंदावली. २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसतं नाव ठेवलं. मी ती बातमी लिहिली. चांगलं पाऊल आहे, पण आपल्यावर ही वेळ यावी याने फार वाईट वाटलं.

यात पक्षाचा वाटा किती, याचा विचार मी प्रामाणिकपणे करतो. 'माधव'ने लहान-लहान समाजांना राजकारणात मान दिला, हे मोठं काम झालं. पण समाज मोजून मांडणी केली की कधीतरी सगळेच मोजायला बसतात. मुंडे यांच्या वेळी ती मांडणी सांधलेली राहिली, कारण ते स्वतः सांधा होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यावं, या बाजूने ते उभे राहिले, आणि त्या काळी आमच्याकडे तसं बोलणं म्हणजे मतं घालवणं होतं. २०१० मध्ये लोकसभेत जातनिहाय जनगणना मागणाऱ्यांत ते पुढे होते, पक्षातल्या अनेकांच्या कपाळावर आठ्या असतानाही. त्यांच्या जवळच्या माणसांत मराठा होते, मुसलमान होते, दलित होते. आज सगळ्याच पक्षांत नेते पुष्कळ झालेत, पण दोन्ही बाजूंच्या लग्नांना हक्काने जाणारा एकही दिसत नाही. दसऱ्याला पाटोदा तालुक्यात सावरगाव घाटला, भगवानबाबांच्या जन्मगावी, मेळावा भरतो. माणसं हजारोंनी जातात, आमच्या रस्त्याने गाड्यांची रांग लागते. रस्त्याकडेला पाण्याचे माठ पूर्वी सगळ्या समाजांची पोरं ठेवायची. ते पुन्हा व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

९. प्रश्न लिहून दिला तर नेता उत्तर देतो, निदान टाळताना तरी दिसतो. हे अलीकडचं शिक्षण. प्रचाराचा नारळ भालचंद्राच्या पायरीवर फुटतो, त्या दिवशी निवेदनं देणाऱ्यांची झुंबड असते. गावातली दोन-तीन शिकलेली पोरं मजकूर लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगतो, मागणीच्या कागदाला दुसरा कागद जोडा: मागच्या वेळी साहेबांनी, ताईंनी, दादांनी, ज्यांनी कोणी इथे येऊन जे कबूल केलं होतं, ते तारखेसह. पहिल्यांदा पोरं बिचकली. "काका, राग येईल की त्यांना." मी म्हटलं, म्हाळगींच्या पक्षातल्या माणसाला का राग यावा? आणि दुसऱ्या पक्षाचा आला तर त्यालाही हाच कागद द्या.

यंदाच्या कागदावर तीनच ओळी आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं काढायचं ठरलं, त्यांत आमच्या जिल्हा परिषद गटातली किती मुलं घेतली? टोळ्या निघण्याआधी बायकांची आरोग्य तपासणी गावात होणार का, आणि डॉक्टर कोण? रूळ बीडच्या पुढे परळीकडे यंदा किती सरकले? खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. आतापर्यंत सगळ्या आळ्यांतून सह्या आल्या आहेत, फडावर गेलेल्यांच्या तेवढ्या राहिल्यात.